मेलेल्या शिंपल्यांचा परवाना

अळणावरपासून तीन कोसांवर नीरलवाडीचं तळं होतं. त्याच्या उथळ बाजूच्या गाळात शिंपल्यांची मोठी वस्ती होती. गावातली मराठी माणसं त्यांना शिंपले म्हणत आणि कानडी माणसं कप्पेचिप्पू. पेरण्या उरकल्यापासून पीक हाती येईपर्यंतचे दोन-अडीच महिने घरोघरच्या कणग्या तळाला लागलेल्या असत. त्या दिवसांत बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरून पायाच्या बोटांनी शिंपले चाचपत, बुट्टी भरत आणि घरी नेऊन उकडत. तिखट-मिठात परतलेल्या त्या मांसावर कितीतरी पोरं वाढली होती.

एकोणीसशे छत्तीस साली या तळ्यावर गुरुराज कित्तूरकर आला. तो तेव्हा एकतिशीचा होता, बी. एस्सी. झालेला, आणि धारवाडात सप्तापूरला भाड्याच्या दोन खोल्यांत बायकोसह राहत होता. तालुक्यातल्या तळ्यांची मासळी वाढावी म्हणून एक तळे-संवर्धन कमिटी नेमली होती. तिचा तो निरीक्षक. माणूस कष्टाळू होता. एक वार लांबीरुंदीची लोखंडी चौकट घेऊन तो स्वतः पाण्यात उतरायचा, ती गाळात टेकवायचा आणि तिच्यात सापडलेले शिंपले एकेक मोजायचा. पहिल्या साली एका चौकटीत सरासरी तेवीस निघाले. त्यानं नियम तयार केले. तीन वर्षं तळ्यातला जिवंत शिंपला कोणी काढायचा नाही. गावच्या बायकांना मात्र दर सोमवारी घरटी एक बुट्टी माफ. आणि मेलेले, काठाला लागलेले रिकामे शिंपले कोणाला हवे असतील तर कमिटीच्या परवान्यानं न्यावेत.

हे शेवटचं कलम लिहिताना त्याला काही अवघड वाटलं नव्हतं. मेलेल्या शिंपल्याचा तळ्याला काय उपयोग?

राखणदार म्हणून त्यानं गावातल्याच धोंडिबाला नेमलं. धोंडिबा पन्नाशीच्या घरातला, उंच, किंचित वाकलेला. लिहायला-वाचायला येत नव्हतं, पण पाण्याचा रंग बघून तळाला काय चाललंय ते तो सांगायचा. पहिल्याच आठवड्यात त्यानं गुरुराजला पाणवठ्यावर नेलं.

"हितलं पानी वंजळीत घ्या, साहेब. आता तिकडं सांडव्याजवळचं घ्या."

पाणवठ्याचं पाणी निवळ होतं. सांडव्याजवळचं हिरवट होतं.

"ह्यो समदा शिंपल्यांचा परताप," धोंडिबा म्हणाला. "दीसभर पानी गाळत बसत्यात. म्हून गाव हितलंच पानी पितं."

गुरुराजला हे पुस्तकातून माहीत होतं. एका अडाणी माणसाच्या तोंडून ऐकून त्याला कौतुक वाटलं, आणि त्यानं ते आपल्या अहवालात लिहिलंही.

धोंडिबाची धाकटी बहीण जनाबाई गावातच होती. नवरा दांडेलीच्या जंगलात ओंडक्याखाली सापडून गेला, तेव्हापासून ती दोन मुली घेऊन भावाच्या शेजारच्या खोपटात राहायची. सोमवारच्या बुट्टीला ती सगळ्यांच्या आधी तळ्यावर हजर असे. धोंडिबा बहिणीचीही बुट्टी काठावर ओतायला लावी आणि लहान शिंपले वेचून परत पाण्यात टाकी.

"अण्णा, घरचीबी झडती?" ती हसून म्हणायची.

"घरची आदी," तो म्हणायचा.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला अप्पाजी तळ्यावर आला. त्याची कलघटगीच्या वाटेवर चुनाभट्टी होती. हुबळीत तेव्हा देशपांडे नगराच्या बाजूला नवे बंगले उठत होते, आणि भिंतींना शेवटचा हात शिंपल्यांच्या चुन्याचा दिला की त्या आरशासारख्या चकाकतात म्हणून लोक तोच मागत. अप्पाजीनं मेलेल्या शिंपल्यांसाठी रीतसर अर्ज केला. कमिटीचे चिटणीस मुकुंदराव वयानं, अनुभवानं मोठे, कायद्यात मुरलेले. त्यांनी अर्ज गुरुराजकडे पाठवला, गुरुराजनं सही केली, परवाना निघाला.

व्यवस्था साधी होती. अप्पाजीची माणसं काठावर शिंपल्यांचे ढीग लावत. धोंडिबा ते बघे, किती बुट्ट्या भरल्या ते सांगे. अप्पाजीचा कारकून ते चिठ्ठीवर लिही आणि खाली धोंडिबाचा अंगठा घेई. महिन्याच्या महिन्याला गुरुराज चिठ्ठ्या तपासायला येई. तेव्हा धोंडिबा त्याच्यासमोर सगळ्यांवर पुन्हा एकदा अंगठा उठवी.

पहिल्या महिन्यात अकरा बुट्ट्या मेलेले शिंपले निघाले. दुसऱ्या महिन्यात तीस. चौथ्या महिन्यात शंभराच्या वर. त्या पावसाळ्यानंतर गुरुराजनं चौकट टाकली तेव्हा तेवीसच्या जागी चौदा आले.

तो घाबरला. घरी येऊन त्यानं पुस्तकं काढली आणि तीन आठवडे खपून एक टिपण लिहिलं: नीरलवाडीच्या तळ्यात शिंपल्यांना रोग लागला आहे. मेलेल्यांचा आकडा चढतो आहे, जिवंतांचा उतरतो आहे, दोन्हींचा मेळ बसतो. टिपण मुंबईला गेलं. तिथून शाबासकीचं पत्र आलं. अशा काटेकोर नोंदी या इलाख्यात क्वचितच ठेवल्या जातात, असं त्यात म्हटलं होतं. मुकुंदरावांनी ते बैठकीत वाचून दाखवलं. जयलक्ष्मीनं, त्याच्या बायकोनं, त्या दिवशी शिरा केला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी धोंडिबा सप्तापूरला आला. सकाळची वेळ होती. एवढ्या लांब तो पहिल्यांदाच येत होता. ओसरीच्या कडेला, पायरीवरच बसला, आणि त्यानं पंच्याची गाठ सोडली. आत दोन शिंपले होते.

"ह्यो बगा, साहेब. ह्यो आपसूक मेलेला. मला गाळात गावला."

शिंपला आतून मळकट, खडूसारखा पांढरा पडलेला होता. बिजागरी तुटलेली.

"आनि ह्यो अप्पाजीच्या ढिगातला."

तो आतून लखलखत होता. निळी-गुलाबी झाक होती. बिजागरी शाबूत होती आणि कडेला मांसाचा सुकलेला धागा चिकटलेला.

"मग?" गुरुराज म्हणाला.

"ह्यो मेल्याला न्हाई, साहेब. मारल्याला हाय. समदा ढीगच असा हाय. वास मारतोय नुसता. आपसूक मेल्याल्या शिंपल्यात मास ऱ्हातं व्हय? त्ये पान्यातच मासं खाऊन टाकत्यात."

"तू काढताना पाहिलंस?"

धोंडिबानं नकारार्थी मान हलवली. "बाजारादिवशी मी नसतो तितं. चिटणीससाहेबांचा हुकूम हाय, दर बाजाराला अळणावरच्या कचेरीत येऊन वर्दी द्यायची. सकाळी निगतो, दिवस कलल्यावर माघारी येतो. दुसऱ्या दिवशी ढीग तयार असत्यात. मी बगतो तवा मेल्यालेच असत्यात."

"रोगानं मेलेला शिंपला आतून असाच चकचकीत राहतो," गुरुराज म्हणाला. "आजारानं पटकन मरतो ना. म्हातारपणानं मेलेला मळतो."

हे त्यानं कुठं वाचलं नव्हतं. बोलता बोलता सुचलं आणि खरं वाटलं.

धोंडिबा दोन्ही शिंपले हातात धरून बसला. "आसंल," तो म्हणाला. "तुमी शिकल्याली मानसं." आणि पाणीही न घेता उठला. जयलक्ष्मी आतून तांब्या घेऊन आली तेव्हा तो गल्लीच्या टोकाला पोचला होता.

"कोण होता हो?" तिनं विचारलं.

"तळ्यावरचा राखणदार."

"एवढ्या लांबून चालत आला आणि लगेच गेला?"

पंच्यातून सांडलेली गाळाची माती पायरीवर पडली होती. ती गुरुराजनं पायानं बाजूला केली.

टिपणावर कमिटीनं निर्णय घेतला. रोग पसरू नये म्हणून मेलेले शिंपले जितक्या लवकर काठावरून हलतील तितकं बरं. अप्पाजीच्या परवान्यावर महिन्याच्या बुट्ट्यांची जी मर्यादा होती ती काढून टाकली. आणि उरलेले जिवंत शिंपले वाचावेत म्हणून बायकांची सोमवारची बुट्टी बंद केली. तशी शिफारस गुरुराजनंच केली होती. गावात दवंडी पिटली: जो जिवंत शिंपला काढील त्याच्यावर खटला.

पुढच्या साली पाऊस उशिरा आला आणि आला तो धो धो. भाताची रोपं कुजली. श्रावणात जनाबाईच्या घरात भाकरीला पीठ उरलं नाही. धाकटी मुलगी तापानं निजून होती. जनाबाई तळ्यात उतरली, आणि अर्धी बुट्टी घेऊन वर येताना समोर धोंडिबा उभा होता. बरोबर कमिटीचा शिपाई होता. त्याच दिवशी तो तपासणीला आला होता.

शिपाई नसता तर धोंडिबानं काय केलं असतं हे कोणालाच ठाऊक नाही. त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"बुट्टी खाली ठेव," तो म्हणाला.

जनाबाईनं ठेवली. "अण्णा, पोरगी उपाशी हाय."

धोंडिबा शिपायाकडे बघून म्हणाला, "अर्दी बुट्टी. जित्ते शिंपले. लिवा."

तिला बारा दिवसांची कैद झाली. मुलींना धोंडिबाच्या बायकोनं सांभाळलं. जनाबाई सुटून आली ती भावाच्या दारावरून सरळ आपल्या खोपटात गेली. दोघांच्या दारांत वीस पावलांचं अंतर होतं. गौरी आल्या, गेल्या, दिवाळी आली, भाऊबीज झाली, पण तिनं भावाला ओवाळलं नाही.

माघ महिन्यात एकदा गुरुराजला हळियाळहून परतताना लाकडाच्या लॉरीत जागा मिळाली, आणि लॉरी नीरलवाडीवरून जाणार होती. दिवस अळणावरच्या बाजाराचा. आपण तपासणीला येणार हे त्यानं कोणालाच कळवलं नव्हतं. फाट्यावर उतरून तो आंबराईतून तळ्याकडे चालत गेला. दुपारचं कडक ऊन होतं.

आधी त्याला आवाज आला. कोणी वाळक्या शेंगा फोडाव्यात तसा तडतड, बारीक, सगळीकडून. तो बांधावर चढला.

काठाच्या उतारावर शिंपले पसरले होते. चार-पाच घरांची अंगणं भरतील एवढे. उन्हानं ते उघडत होते आणि तो आवाज त्यांचा होता. काही अजून मिटायची धडपड करत होते. त्यांच्या फटींतून पाण्याचे बुडबुडे येत होते. तळ्यात वीस-पंचवीस बायका कमरेएवढ्या पाण्यात ओळीनं उभ्या होत्या. बुट्टी भरली की काठावर येत, उन्हात ओतत आणि परत पाण्यात शिरत. आंब्याच्या सावलीला अप्पाजीचा कारकून बसला होता.

गुरुराज उतारावर उतरला. पायाखाली शिंपले फुटत होते. एक बाई बुट्टी ओतून सरळ झाली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. त्यानं तिला ओळखलं. धोंडिबाची बहीण.

"तू?" तो म्हणाला. "तुला तर शिक्षा झाली होती."

"व्हय साहेब. बारा दीस."

"आणि परत तेच करतेस?"

"त्येच न्हाई, साहेब." तिच्या आवाजात राग नव्हता. "तवा अर्दी बुट्टी घरला नेत हुते. आता दिसाला तीस बुट्ट्या काडते आनि घरला एक बी नेत न्हाई. मालक म्हंत्यात आता चालतंय, कागद हाय. तुमची सई हाय त्याच्यावर."

"जिवंत शिंपले काढायला माझी सही नाही!"

"आमी काडतो तवा जित्ते असत्यात. सांजच्याला मरत्यात. सकाळी मेल्याले म्हून लिवत्यात." तिनं पदरानं कपाळ पुसलं. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडून चिरली होती. "आमाला कामाशी मतलब."

"धोंडिबाला माहीत आहे?"

ती पाण्याकडे बघत राहिली. "त्याला पैल्यापासनं ठाऊक हाय काय चालतंय ते. कोन काडतंय त्ये म्या परवा सांगितलं त्याला. सा महिन्यांनी बोलले भावाशी, ते ह्येच बोलले."

"मग तो काय म्हणाला?"

"काय म्हनतोय? ऐकून घेतलं. तुमच्याकडं येऊन गेला हुता म्हनला एकदा. तुमी म्हनला, रोग हाय."

कारकून लगबगीनं धोतर सावरत येत होता. गुरुराज वळला आणि बांध चढून निघाला. फाट्यापर्यंत तो जवळजवळ धावतच गेला. काठावरच्या त्या ढिगांत त्याचा रोग उन्हात तडकत पडला होता. दोन वर्षांचे आकडे, मुंबईचं पत्र, सगळं त्यातच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं अहवाल लिहिला. रोग नव्हता, ठेकेदार परवान्याच्या आडून जिवंत शिंपले उपसतो आहे, आकडे सगळे खोटे आहेत, परवाना तात्काळ रद्द करावा आणि बायकांची सोमवारची बुट्टी पुन्हा सुरू करावी. अहवाल घेऊन तो स्वतः मुकुंदरावांकडे गेला.

मुकुंदरावांनी शांतपणे सगळं वाचलं. पानाचा डबा पुढं ओढून एक पान लावलं. मग म्हणाले, "गुरुराज, परवान्यावर सही कोणाची?"

"माझी."

"रोग आहे असं कोणी लिहिलं?"

"मी. पण मला..."

"चिठ्ठ्यांवर मेलेले शिंपले असं लिहिलंय. खाली अंगठा राखणदाराचा. तो अंगठा दर महिन्याला तुमच्यासमोर उठवलाय. आता तुम्ही म्हणता, ते शिंपले जिवंत होते. मग एक तर राखणदार खोटा, नाहीतर तुम्ही. तिसरं कोणी मला कागदात दिसत नाही."

"अप्पाजी आहे."

"अप्पाजीनं चिठ्ठीवर लिहिलं तेवढंच नेलं." मुकुंदरावांचा आवाज मायेचा होता. त्यांनी गुरुराजला खरोखरच मुलासारखं मानलं होतं. "बाळ, तुझी नोकरी अजून कायम झालेली नाही. अहवाल मी पुढं पाठवतो. आकडे खोटे निघाले हे लपवायचं नाही. पण खोटे कोणी दिले त्याचं नाव लागेल. माझ्या हाताखाली पंचवीस वर्षांत असे तीन राखणदार निघाले. पाण्यापाशी बसलेला माणूस पाणी पितोच."

"धोंडिबा तसा नाही."

"मग काय लिहू?"

खिडकीबाहेर कचेरीचा शिपाई कुंड्यांना पाणी घालत होता. मुकुंदरावांनी अहवाल फायलीत ठेवला आणि ती बांधली. गुरुराजनं ती परत मागितली नाही.

धोंडिबावर खटला झाला: ठेकेदाराच्या लोकांशी संगनमत करून खोटी वर्दी दिली, तळ्याची नासाडी होऊ दिली. अप्पाजीचा परवाना रद्द झाला, पण तोवर त्याच्या भट्टीच्या आवारात दोन पावसाळे पुरतील एवढे शिंपले साठले होते. त्याला साक्षीलाही बोलावलं नाही.

तालुक्याच्या कोर्टात सुनावणी झाली. धोंडिबा धुतलेलं धोतर नेसून पिंजऱ्यात उभा होता. मॅजिस्ट्रेटनं त्याला विचारलं, "हे शिंपले जिवंत काढले जात होते हे तुला माहीत होतं?"

"व्हय, सरकार."

"कोण काढत होतं?"

धोंडिबानं मान खाली घातली.

"नावं सांग. नावं सांगितलीस तर त्यांना बोलावता येईल. ठेकेदाराचा हुकूम होता का, ते विचारता येईल."

धोंडिबा बोलला नाही. बायका गावच्याच होत्या. त्यातल्या एकीवर आधीची शिक्षा होती. पुन्हा नाव आलं तर या वेळी बारा दिवसांवर सुटणार नव्हती. गुरुराज बाकावर बसून हे पाहत होता. धोंडिबा का बोलत नाही हे त्या खोलीत त्याला एकट्याला कळत होतं.

मग त्याचा पुकारा झाला. सरकारी वकिलानं चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढं केला.

"हे अंगठे आरोपीनं तुमच्यासमोर उठवले?"

"हो."

"चिठ्ठीवर काय लिहिलंय ते तुम्ही त्याला वाचून दाखवत होता?"

"हो."

"शिंपले जिवंत काढले जातात, अशी तक्रार त्यानं तुमच्याकडे कधी लेखी दिली?"

गुरुराजनं धोंडिबाकडे पाहिलं. धोंडिबानंही पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. आता हा माणूस काय बोलतो एवढंच तो बघत होता.

"लेखी... नाही," गुरुराज म्हणाला.

"बस्स. दुसरं काही विचारायचं नाही."

आरोपीला वकील नव्हता. मॅजिस्ट्रेटनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "साक्षीदाराला आणखी काही सांगायचं आहे?"

दारापाशी मुकुंदराव उभे होते. बोलायला दोन वाक्यं पुरली असती.

"नाही," तो म्हणाला.

धोंडिबाला तीन महिन्यांची कैद झाली.

घरी आल्यावर जयलक्ष्मीनं विचारलं, "काय झालं हो?" त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, पायरीवरच्या दोन शिंपल्यांसकट. ती भात वाढत होती. तिचा हात थांबला.

"तुम्ही सांगितलं नाही तो इथं आला होता म्हणून?"

"लेखी तक्रार दिली का, एवढंच विचारलं त्यांनी."

"मी पाहिला होता की त्याला," ती म्हणाली. "मला तरी नेलं असतंत." आणि ती आत गेली. ताट तसंच राहिलं.

वैशाखात तळं गेलं. उन्हानं पाणी आटत आलं की दर साली शिंपले ते गाळून निवळ ठेवत. या साली गाळणारं कोणी नव्हतं. आधी पाणवठा हिरवा झाला, मग सगळं तळं दाट, पेजेसारखं. एका सकाळी गाव उठलं तर काठाला पांढरे मासे लागलेले. दुसऱ्या दिवशी त्याहून मोठे. मरळ तेवढी वर येऊन हवा घेते, म्हणून आठ दिवस टिकली. मग तीही पोट वर करून फिरू लागली. घारी आणि कुत्री खाऊन कंटाळली. वासानं गुरं तळ्याकडं फिरकेनात. गावात जुलाबाची साथ आली आणि दोन म्हातारी माणसं आणि चार पोरं गेली. त्यांत जनाबाईची धाकटी होती.

गुरुराज ज्येष्ठाच्या सुरुवातीला मोजणीला गेला. कमिटीचा आदेश होता, तिसऱ्या वर्षाचा आकडा हवा होता. त्यानं चौकट टाकली. एकदा, दोनदा, पंचवीस वेळा. हातानं गाळ उपसून पाहिला. दर वेळी कागदावर शून्य लिहिलं. चिखलानं माखलेल्या हातांनी तो काठावर येऊन बसला आणि रडला. दुपारी तिथं बघायला कोणी नव्हतं.

संध्याकाळच्या आत तो गावात गेला. धोंडिबा सुटून आला असेल असं त्याला वाटलं होतं. खोपटाच्या दारात जनाबाई तांदळातले खडे निवडत होती. त्याला पाहून ती उठली नाही.

"धोंडिबा आहेत का?" त्यानं विचारलं.

"न्हाईत. सुटले तसे दांडेलीला गेले. लाकडाच्या अड्ड्यावर. वयनीलाबी घिऊन गेले."

"परत कधी येतील?"

"येनार न्हाईत."

गुरुराज उभाच राहिला. "मला त्यांना भेटायचं होतं. मी... त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. ते माझ्याकडे आले होते हे मी कोर्टाला सांगायला हवं होतं."

जनाबाई खडे वेचत होती. "त्यानं माजं नाव घेतलं न्हाई," ती म्हणाली. "म्हून जेलात गेला. आनि तुमच्या घरला गेल्ता त्ये बी बोलला न्हाई. म्या इचारलं, का न्हाई रं अण्णा बोललास? तर म्हनला, साहेबांनी सोता सांगायला पायजे हुतं. म्या सांगून काय खरं वाटनार."

"मी आता लिहून देतो. सगळं. सहीनिशी. त्यांची शिक्षा चुकीची होती असं कागदावर येईल."

"शिक्षा तर भोगून झाली."

"तरी."

"द्या की," ती म्हणाली. "कागद तुमचा हाय." तिनं सूप झटकलं, आत जाऊन दाराला अडसर घातला. गुरुराज थोडा वेळ अंगणात थांबला, मग फाट्याकडे चालू लागला.

त्यानं निवेदन लिहिलं. चौदा पानं. आपलं नाव, आपली सही, सप्तापूरच्या पायरीवर झालेलं बोलणं शब्द न् शब्द. एक प्रत कमिटीला, एक कोर्टाला, एक मुंबईला. कोर्टाकडून उत्तर आलं की शिक्षा भोगून झालेल्या प्रकरणात आता काही करता येत नाही. मुंबईहून काहीच आलं नाही. कमिटीनं निवेदन दप्तरी दाखल केलं आणि दोन महिन्यांनी गुरुराजची नोकरी कायम न करता त्याला मोकळं केलं. मुकुंदराव निरोप द्यायला घरी आले, जयलक्ष्मीच्या हातचा चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "फार हट्टी आहेस रे." पुढं गुरुराज हुबळीच्या एका शाळेत शास्त्र शिकवायला लागला. दांडेलीला तो दोनदा गेला. पहिल्यांदा धोंडिबा जंगलात आत तोडीवर होता. दुसऱ्या खेपेला अड्ड्यावरच्या मुकादमानं सांगितलं, तो म्हातारा गेल्या पावसाळ्यात हिवतापानं वारला.

नीरलवाडीच्या तळ्यावर कमिटीनं आणखी पाच वर्षांची बंदी घातली. शून्य आकडा पाहून तसंच करणं नियमात बसत होतं. नवा राखणदार नेमला, त्याला बांधावर पत्र्याचं छप्पर घालून दिलं, आणि दवंडी पुन्हा पिटली गेली: जो जिवंत शिंपला काढील त्याच्यावर खटला. तळ्यात शिंपला नव्हता. पाऊस आला, तळं भरलं, पण पाणी हिरवं ते हिरवंच राहिलं. बायका घागरी घेऊन कोसभर लांब ओढ्यावर जाऊ लागल्या. जनाबाई थोरल्या मुलीला घेऊन त्यांच्यातच असे. तळ्याचा बांध लागला की ती पदर नाकाला लावी आणि पाण्याकडे न बघता पुढं जाई.